तिकडे उन्हाळा असतो

माझ्या धाकट्या जावेनं ज्या दिवशी सांगितलं की ती पेरूला चालली आहे, त्या दिवशी माझी पोळी तव्यावरच जळाली. मी स्वयंपाकघरात होते, ती दाराला टेकून उभी होती, आणि तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. कोथिंबीर द्यायला आली होती आणि जाता जाता हे सांगितलं. मी म्हटलं, "पेरू? काऊन, इथले पेरू संपले का?" ती खळखळून हसली. तिला वाटलं ताई गंमत करून राह्यल्या. मी गंमत करत नव्हते.

आता हे आधीच सांगून टाकते की पेरू हा देश माझा होता. हसायचं तर हसा. वर्ध्यातल्या एका शाळेत मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवला. गंगा-यमुना मी शिकवल्या, कापसाची काळी माती शिकवली, पण दक्षिण अमेरिकेचा धडा आला की माझा आवाजच बदलायचा. मुलींना ते कळायचं. "मॅडमचा देश आला," असं त्या मागच्या बाकांवर कुजबुजायच्या, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्याचं कारण एक पोस्टकार्ड. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सेवाग्राम पाहायला आलेली एक परदेशी बाई, पन्नाशीची, पिकल्या केसांची, आमच्या शाळेत दिवसभर राहिली होती. माझं इंग्रजी बाकीच्यांपेक्षा कमी मोडकं, म्हणून तिला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी तिला घरी जेवायला नेलं. वांग्याच्या भाजीनं तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, तरी तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतली. निघताना तिनं पिशवीतून एक कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. चित्रात डोंगराच्या धारेवर दोन दगडी खांब, वर छप्पर नाही, आणि त्यांच्या मधून खाली, दूर, हिरव्या डोंगराच्या खांद्यावर एक पडकं शहर, उन्हात लखलखणारं. इंका लोकांचं दार, इंती पुंकू. त्यांच्या भाषेत इंती म्हणजे सूर्य आणि पुंकू म्हणजे दार. ते शहर म्हणजे पेरूतलं माचू पिच्चू.

ती तिथे चालत गेली होती. चार दिवस. मला ती हातवारे करून सांगत होती, मी अर्धं समजून घेत होते. दगडांची वाट, जुन्या माणसांनी बसवलेली. वर चढलं की श्वास पुरत नाही, दहा पावलं टाकायची आणि थांबायचं. शेवटच्या दिवशी पहाटे निघायचं, आणि दाराच्या जरा अलीकडे अशा उभ्या पायऱ्या की हात टेकून, जनावरासारखं चढावं लागतं. मग एकदम दार. दारातून पहिल्यांदा शहर दिसतं, आणि मागून आलेला सूर्य हळूहळू त्या शहरावर उतरतो. हे सांगताना माझ्या ओसरीवर बसून ती बाई रडली. यावेळी वांग्यामुळे नाही.

मी विचारलं, कधी जावं? तिनं बोटांवर मोजून सांगितलं, मे ते सप्टेंबर. डिसेंबरात मुळीच नको. तेव्हा तिकडे पाऊस, धुकं, दारात उभं राहिलं तरी काही दिसत नाही. मी मास्तरीण, लगेच पेन्सिल घेतली आणि कार्डाच्या मागे लिहून ठेवलं: "मे ते सप्टेंबर. डिसेंबरात नको. पाऊस, धुकं." ते कार्ड मी माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटपट्टीनं लावलं. रोज सकाळी साडी काढताना मला ते दिसायचं.

वर्ध्याच्या कडेला, पिपरी मेघेला, आमची दोन घरं एकाच प्लॉटवर, थोरल्याचं आणि धाकट्याचं, मध्ये फक्त जास्वंदीचं कुंपण. जाऊ हिंगणघाटची, कापडवाल्यांच्या घरची. दहावी झालेली. नकाशात तिला वर्धा दाखवायला सांगितलं तर ती आधी वर बोट ठेवेल, मग खाली, मग म्हणेल, "ताई, तुम्हीच दाखवा ना." पण तिच्या हाताला चव, तोंडात हसू, आणि गल्लीतल्या सगळ्या बाया तिच्याच ओट्यावर. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून माझ्या घरी होत्या. त्यांचं सगळं मी केलं, आणि धाकटी संध्याकाळी वाटीभर खीर घेऊन आली की त्यांचा चेहरा फुलायचा. "धाकटीचा हात लागला की बरं वाटते," असं त्या मला सांगायच्या. मला! तेव्हापासून तिच्या बाबतीत माझं मन कधी साफ झालं नाही. तोंडावर नीट, आत जळफळाट.

मी पासपोर्ट काढला होता. खरंच काढला होता. नव्वदीच्या शेवटी नागपूरला जाऊन, रांगेत उभं राहून. आमचे हे म्हणाले, "कुठं जाणार आहेस तू?" मी म्हटलं, "बघू." चौकशीला पोलीस घरी आला, त्यानंही तेच विचारलं. मी म्हटलं, पेरू. तो म्हणाला, "मॅडम, हे मराठवाड्यात येते का?" त्याला चहा पाजला आणि पृथ्वीचा गोल दाखवला. तो पासपोर्ट दहा वर्षं कपाटात कार्डाच्या खालच्या कप्प्यात पडून होता, कोरा करकरीत. आधी सासूबाई, मग मुलीचं लग्न, मग ह्यांची बदली. दरवर्षी काहीतरी.

चालण्याचा सराव मात्र चुकवला नाही. दर रविवारी हनुमान टेकडी. पाठीवर शाळेची पिशवी, पिशवीत दोन विटा. एकदा एका विद्यार्थिनीच्या आईनं अडवून विचारलं, "मॅडम, नवस हाय का काही?" मी हो म्हटलं. काय सांगायचं तिला, की मी दाराच्या पायऱ्या चढायची तयारी करते आहे?

तर दसऱ्याच्या सुमारास जावेनं मला हे सांगितलं. तिचा मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. आई-वडिलांना डिसेंबरात बोलावून घेतलं होतं, आणि सुट्टीत तिथून पेरू. आता हे पोरगं लहानपणी माझ्याच घरी अभ्यासाला बसायचं. माझं कार्ड त्यानं शंभर वेळा पाहिलेलं. "मोठी आई, मी नेईन तुले तिथं," असं तो म्हणायचा. लहान तोंडचं बोलणं, मी कधी मनावर घेतलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत होते. त्या संध्याकाळी कळलं की मी ते चांगलंच मनावर घेतलं होतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग तो म्हणाला, "मोठी आई, तूपण चल ना. तुझंच तर दार आहे."  आणि मी काय म्हणाले? "नको रे बाबा. माझा गुडघा दुखते. तुम्हीच जाऊन या मजेत."

आपल्याकडे पहिल्या हाकेला कोण हो म्हणतं? चहा घ्या म्हटलं तरी आपण आधी नको म्हणतो. मग समोरचा म्हणतो, असं कसं, घ्यावंच लागेल. मग पुन्हा नको. तिसऱ्यांदा कप हातात येतो. हे काय मला शिकवायला पाहिजे होतं? मी फोन कानाला धरून दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत होते. तिसऱ्याला हो म्हणायचं, हे मनात ठरलेलं होतं. पासपोर्ट तर तयारच होता. पण सहा वर्षं अमेरिकेत राहिलेलं ते पोर म्हणालं, "ओके मोठी आई. टेक केअर." आणि फोन ठेवला.

ओके! मी रिसीव्हर हातात धरून बसून राहिले. ह्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. नंतर मोरीत जाऊन नळ सोडून रडले. राग पोराचा यायला हवा होता, किंवा माझा स्वतःचा. आला जावेचा. तिला साधं नावसुद्धा घेता येत नव्हतं. ती त्याला "इंती कुंकू" म्हणायची. "ताई, ते तुमचं इंती कुंकू पाहाले जाऊन राह्यलो आम्ही." मी दोनदा सुधारलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. हिला दार दिसणार आणि मला कपाट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

नोव्हेंबरात एका दुपारी ती तयारीचं विचारायला आली. मी ओट्यावर संत्री सोलत बसले होते. ती समोर बसली आणि म्हणाली, "ताई, तुम्हाले तिथलं सगळं माहीत हाय. तिकडं डिसेंबरात कसं असते? स्वेटर न्याव का किती?"

इथे थांबते जरा. आजवर हे मी कुणाला सांगितलं नाही. घरात आम्ही आपली बोली बोलतो, करून राह्यलो, गेलतो, सगळं. पण त्या क्षणी माझ्या तोंडून जे आलं ते शाळेच्या भाषेत आलं, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. मी म्हणाले, "तिकडे उन्हाळा असतो."

"डिसेंबरात उन्हाळा? अवो बाप्पा!"

"दक्षिण गोलार्ध आहे ना तो," मी म्हटलं, आणि हातातलं संत्रं तिरकं धरून तिला समजावलं. हा सूर्य, ही पृथ्वी, हा तिचा कललेला अक्ष. आपल्याकडे हिवाळा तेव्हा तिकडे उन्हाळा. अर्धा तास समजावलं. इतकं छान मी वर्गातही कधी शिकवलं नसेल. एक शब्द खोटा नव्हता. फक्त त्या डोंगरातला उन्हाळा म्हणजेच तिथला पावसाळा, हे मी बोलले नाही. वर्ध्याच्या बाईला उन्हाळा म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे काय येतं हे मला माहीत होतं: वाळलेलं गवत, तापलेली पत्र्याची शेड, शेहेचाळीस डिग्री आणि लूच्या झळा. तेच तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

तिनं सुती साड्या काढल्या. दोन दुपट्टे घेतले तोंडाला बांधायला. गॉगल, ग्लुकोजचा डबा. जायच्या आदल्या दिवशी मी तिच्या बॅगेपाशी बसले होते, तेव्हा तिनं रुमालात गुंडाळून एक कांदा कोपऱ्यात ठेवला. लू लागू नये म्हणून आपण खिशात कांदा ठेवतो, तसा. मला इतकं हसू आलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले.

"ताई, ते कार्ड द्या ना," ती म्हणाली. "सोबत नेतो. तिथं उभी राहून पाहीन, तसंच दिसते का."

"हरवशील," मी म्हटलं. कार्डाच्या मागे काय लिहिलं आहे ते मला आठवलं होतं.

ते गेले. ते दिवस मी कसे काढले म्हणू? वर्ध्याला तेव्हा निळंभोर आकाश, थंडी गोड. रविवारी टेकडीवर गेले, विटा न घेता. वर उभी राहून आकाशाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, पड बाबा पावसा, तिकडे धो धो पड. देवाला हात जोडून असं मागणारी बाई शाळेत नागरिकशास्त्राचा तासही घ्यायची, हे लक्षात घ्या.

जानेवारीच्या सुरुवातीला ती आली. खोकत होती, गाल बसले होते. मी लगेच कुंपणाजवळ गेले. "दार पाहिलं?"

"हाव, पाह्यलं ना," ती म्हणाली. "संक्रांतीले सांगतो सगळं. फोटो धुवाले टाकले हाय." आणि आत गेली.

पाहिलं म्हणे! म्हणजे पडला नाही पाऊस. म्हणजे नशीबसुद्धा हिचंच. दोन दिवस मी भाजीत मीठ टाकायला विसरले. ह्यांनी वरून मीठ घेऊन खाल्ली.

संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडे होतं. गल्लीतल्या पंधरा-वीस बाया, कुणी शिक्षिका, कुणी दुकानदारांच्या बायका, कुणी ऑफिसातल्या. तिळगूळ झाला, वाण म्हणून प्लास्टिकचे छोटे डबे मांडून ठेवले होते. मग तिनं अल्बम काढला. मी मुद्दाम मागे बसले होते, पण मान सगळ्यांत पुढे माझीच.

पहिल्याच फोटोवर मी वाकले. तिघंही निळ्या प्लास्टिकच्या रेनकोटात, डोक्यापासून पायापर्यंत. "हे काय, पोतं घालून फिरल्या का?" कोपऱ्यावरची दुकानदारीण म्हणाली. जाऊ हसली. पुढचे फोटोही तसेच. ओले दगड, ओली माणसं, एक ओला लामा. मग एक फोटो आला, त्यात ती एकटी. निळा रेनकोट, खाली साडीचा काठ चिखलानं माखलेला, पायात लेकाचे बूट. आणि तिच्या दोन्ही बाजूंना ते दोन खांब. माझे खांब. एकेक दगड मला ओळखीचा. त्यांच्या मध्ये काहीच नाही, पांढरं.

"हा फोटो जळला वाटते," कुणीतरी म्हणालं.

"नाई, जळला नाई. थेच हाय ते, इंती कुंकू."

"बाई गं, तिथंही कुंकूच का?" सगळ्या हसल्या. मग एकीनं विचारलं, "दारातून दिसते काय पण?"

"धुकं होतं," ती म्हणाली. "काहीच नाई दिसलं."

इतक्या दूर गेली आणि काहीच नाही दिसलं, असं सगळ्यांना वाटलं, आणि च् च् झालं. मला काय झालं? खरं सांगते, आनंद झाला. गुळाची ढेप फोडावी तसा आनंद. इतक्या वर्षांत तिच्या ताटातलं काहीतरी प्रथमच माझ्यापेक्षा कमी निघालं होतं. मी तिळगुळाचा एक लाडू अख्खा तोंडात टाकला.

तेवढ्यात ती म्हणाली, "ताईजवळ कार्ड हाय. त्याच्यात सगळं दिसते. आणा ना ताई, बायाले दाखवू."

लाडू घशातच अडकला. पण पंधरा बाया माझ्याकडे पाहत होत्या. उठले, कुंपण ओलांडलं, कपाट उघडलं. चिकटपट्टी सोडवून कार्ड उलटं केलं. पेन्सिलीचं लिहिणं, पण जसंच्या तसं. माझ्या पर्समध्ये खोडरबर असतो, शाळेतल्या बाईच्या पर्समध्ये असतोच. काढला. "डिसेंबरात" मधला "डि" खोडला. खोडला तरी त्याचा खळगा कार्डावर राहिला, तिरपं धरलं तर वाचता येत होता. मी पेन्सिल दाबून लिहिते, मुलींनाही दाबून लिहायला शिकवते. रबर परत टाकला. कार्ड सापडत नाही असं सांगता आलं असतं. तेही सुचलं होतं, आणि तरी मी ते घेऊन निघाले. का, ते अजून नीट सांगता येत नाही. बहुधा खोटं बोलायचा कंटाळा आला असेल.

तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं. बराच वेळ चित्राकडे पाहिलं. मग कुणी कार्ड हातात दिलं की आपण सहज उलटं करून पाहतो, तसं तिनं ते उलटं केलं. ती वाचताना ओठ हलवते. तिचे ओठ हलताना मला दिसले. मे. ते. सप्टेंबर. मग थांबले. मग पुन्हा हलले. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, फरशीवर तीळ सांडले होते.

आता ही सगळ्यांसमोर बोलणार, असं मला वाटलं. मी तिच्या जागी असते तर बोलले असते. तिनं कार्ड सुलटं केलं, चित्राची बाजू वर ठेवून बायांच्या हातात दिलं, आणि म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा. तिथून काय काय दिसते ते."

मग मला सांगावं लागलं.  हा डावीकडचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी नदी वळसा घेते. ह्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात ते मका लावायचे. ही घरं चुन्याशिवाय बांधलेली, दगडावर दगड असा बसवलेला की मध्ये सुरीचं पातं जाणार नाही. सूर्य मागून येतो, आधी त्या टोकावर, मग हळूहळू खाली. मी सांगत गेले तशी बायांची चुळबूळ थांबली. जाऊही ऐकत होती. तोंड जरा उघडं ठेवून, आपल्या धुक्याच्या फोटोवर बोट ठेवून ऐकत होती. मी म्हणायची डावीकडे नदी, की तिचं बोट त्या पांढऱ्यावर डावीकडे सरकायचं.

"मॅडम," दुकानदारीण म्हणाली, "तुम्ही कवा जाऊन आल्या तिथं?"

"मी नाही गेले," मी म्हटलं. "ही गेली."

एवढं म्हणायला मला किती जड गेलं म्हणून सांगू.

बाया गेल्या. वाण माझं राहिलंच होतं, म्हणून थांबले. खरं तर पाय उचलत नव्हता. ती करंडा घेऊन आली. सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, मग ती कुणी का असेना. तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"तुम्ही त्या दिवशी पुस्तकातलं बोलल्या," ती म्हणाली. "तिकडे उन्हाळा असतो. तवाच मले समजाले पायजे होतं. तुम्ही माझ्याशी कधी असं बोलत नाई."

कुंकवाचं बोट तसंच धरून ती पुढे सांगत गेली.

"खाली त्या पडक्या गावापर्यंत गाडी जाते, तिथंच पाऊस लागला. पोरगा म्हणे, आई, वर नको जाऊ, काई दिसणार नाई. हे तं बसलेच खाली. मी म्हटलं, ताईचं दार हाय थे. तिथवर जाऊन पाह्यलं नाई तं त्याईले जाऊन काय सांगू? दीड तास चढली मी, ताई, पोरगा मागं मागं. श्वास नाई पुरत. दहा पावलं चालाची अन् थांबाची, तुम्ही सांगत होत्या ना, तसंच. वर गेली तं पांढरं फक. मी म्हटलं थांबू, उघडन. लय वेळ उभी होती. रेनकोटातून पाणी आत जाऊन राह्यलं, थंडीनं दात वाजून राह्यले, अन् कमरेले कांदा." ती हसायला गेली, पण खोकला आला. "मग दोन दिवस हॉटेलात तापानं फणफणली."

"आल्या आल्या का नाही सांगितलं, की काही दिसलं नाही?"

"तुम्हाले वाईट वाटलं असतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"हाव," ती म्हणाली, "चुकलं." आणि मला कुंकू लावलं. वाण हातात दिलं. तो धुक्याचा फोटोही अल्बममधून काढून डब्यावर ठेवला. तुमच्यासाठीच काढला होता, म्हणाली.

होळीपर्यंत ती कुंपणाजवळ आली नाही. होळीला पुरणाची वाटी घेऊन आली. दोघींनीही तो विषय काढला नाही. त्याच वर्षी माझ्या पासपोर्टची मुदत संपली, कोराच संपला. मी नवा काढला नाही. फोटो मात्र कार्डाशेजारी लावला, कपाटाच्या दाराला.

हेवा गेला का म्हणाल, तर नाही गेला. आधी ती दार पाहणार म्हणून जळत होते. आता रोज सकाळी साडी काढताना तो चिखलात माखलेला काठ दिसतो, आणि त्याचा हेवा वाटतो. कुणासाठी तरी, काही दिसणार नाही हे कळत असून, दीड तास पावसात चढून जावं, हे माझ्या हातून कधी झालं नाही.

निवृत्त होईपर्यंत आणखी तीन वर्षं मी तो धडा शिकवला. कुणीतरी मुलगी उभी राहून वाचायची, दक्षिण गोलार्धात डिसेंबर महिन्यात उन्हाळा असतो. मी तिला थांबवायची. म्हणायची, "लिहून घ्या. त्या डोंगरात उन्हाळ्यात पाऊस पडते. धुकं असते. जाल तेव्हा मे महिन्यात जा, आणि जवळ गरम कपडे ठेवा."

"हे पुस्तकात नाही, मॅडम," मुली म्हणायच्या.

"नाही," मी म्हणायची. "तरी लिहून घ्या."